भरल्या दमाचं माप

गाणाऱ्या माणसाची छाती दोनदा मोजायची, हा त्या ऑपेरा हाउसच्या शिवणखान्याचा जुना नियम होता. एकदा दम सोडून आणि एकदा दम भरून. बाहेरच्या शिंप्याला सांगाल तर तो हसेल, म्हणेल, माणूस आहे की फुगा? पण गाताना गाणाऱ्याच्या बरगड्या चांगल्या तीन-चार बोटं फाकतात. तेवढी जागा पोशाखात ठेवली नाही तर पहिल्याच लांब ओळीला एक तर टाके जातात, नाहीतर सूर जातो. ताई दोन्हीही जाऊ देत नसे. चौतीस वर्षं ती तिथं कापड बेतत होती, आणि तिचं माप चुकलं असं म्हणायची आजवर कुणाची टाप झाली नव्हती.

ताई म्हणजे काही सगळ्यांची ताई नव्हे. ती एकट्या छोटीची ताई होती, तिच्या धाकट्या बहिणीची. पण छोटी तिथं गायला लागली ती पहिल्याच दिवशी शिवणखान्याच्या दारातून "ताईऽऽ" म्हणून ओरडली, आणि तेव्हापासून दिग्दर्शकापासून झाडूवालीपर्यंत सगळे तिला ताईच म्हणू लागले. खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथंच राहिलं.

छोटीची पन्नाशी उलटली होती. तरी ती छोटीच. आई गेली तेव्हा छोटी चार वर्षांची आणि ताई पंधराची. तिच्या वेण्या ताईनं घातल्या, तिला शाळेत ताईनं सोडलं, गाण्याच्या बाईंकडे हाताला धरून ताईनं नेलं. ताईनं लग्न केलं नाही. कुणी फार खोदून विचारलं तर म्हणायची, "एक पोर पदरात आहे की माझ्या. तिचंच निस्तरता निस्तरता पुरेवाट होतेय." छोटी हे ऐकायची आणि मागून येऊन तिच्या गळ्यातली टेप ओढायची.

सव्वीस वर्षं छोटी त्या रंगमंचावर गात होती, पण राणी कधी झाली नव्हती. दासी झाली, राणीची मैत्रीण झाली, नवरीची मावशी झाली. एकदा ढगातून उतरणारी देवी झाली, तेव्हा तिला बांधलेल्या दोरांकडे बघून ताईचा जीव टांगणीला लागला होता. मुख्य भूमिका दरवेळी बाहेरून आलेल्या कुणा मोठ्या बाईला जायची. आणि त्या वर्षी, आता काही मिळणार नाही असं धरून चाललेली असताना, तिला राणी मिळाली.

ऑपेरा अडीचशे वर्षांपूर्वीचा. गोष्ट म्हणाल तर सरळ आहे. राजाला राणीचा संशय येतो, तो तिला हाकलून देतो, आणि तीन तासांनी स्वतःच रडत येतो. मग राणी त्याला माफ करते. का करते ते लिहिणाऱ्यालाच माहीत! पण ती माफी तिनं ज्या गाण्यातून द्यायची, त्यासाठी लोक तिकिटाच्या रांगेत उभे राहतात. त्या गाण्यात एक ओळ आहे, वीस सेकंदांची. ती एका दमात गायची. मधे श्वास घेतला की गेलं सगळं.

पहिल्या मापाला छोटी आली ती जिन्यातूनच गुणगुणत. "चला बाई, राणीचं माप घ्या! वाकून घ्या जरा, राणी आहे मी."

"राणीसाहेब, हात वर करा आणि तोंड बंद ठेवा," ताई म्हणाली.

दम सोडून माप घेतलं. ते जसंच्या तसं, मागच्या वर्षीचंच.

"आता भर."

छोटीनं दम भरला. ताईनं टेपेवर बोट ठेवलं आणि तिला वाटलं, टेप कुठंतरी अडकली. तिनं सोडवून पुन्हा लावली.

"पुन्हा भर."

"किती वेळा ग? मी काय लोहाराचा भाता आहे?"

"भर म्हटलं ना."

तिसऱ्यांदाही तेच. दीड बोट. मागच्या वर्षी चार होतं. छोटीच्या बरगड्या उघडतच नव्हत्या. डावी बाजू तर जागची हललीसुद्धा नाही.

ताईनं टेप गुंडाळायला घेतली, म्हणजे चेहरा खाली ठेवता येतो. "खोकलाबिकला आहे का ग?"

"थोडा. अगं, तीन जिने चढून आले आत्ता. वय झालं आता राणीचं."

ती हसली, गालाला गाल लावून निघून गेली. ताई मापाची वही उघडून बसली.

आता या वहीचं सांगायला हवं. तिची नक्कल दर शनिवारी वर कार्यालयात जायची. भरल्या दमाचं माप दोन बोटांहून जास्त उतरलं असलं तर गाणाऱ्याला आधी डॉक्टरकडे पाठवायचं, आणि डॉक्टरची सही येईपर्यंत भूमिका राखीव गायिकेकडे. ही पद्धत ताईच्या आधीच्या बाईंनी घालून दिली होती आणि ताईनं ती कधी मोडली नव्हती. एका जाड्या गायकाला तर तिनंच असं पाठवलं होतं. तो तिच्या नावानं बोटं मोडत गेला आणि दोन महिन्यांनी हातात मिठाईचा डबा घेऊन आला. वेळेत कळलं म्हणाला, वाचलो.

हे सगळं ताईला ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर तिला दोष तरी कुणी दिला असता? पण सव्वीस वर्षांनी मिळालेली राणी, आणि ती काढून घेणारा आकडा आपल्या हातानं लिहायचा! हात धजेना. तिनं स्वतःला समजावलं. दमलीय पोर, तालमींचं दडपण आहे. चार दिवस गरम पाणी प्यायली, झोपली की फाकतील बरगड्या. दोन आठवड्यांनी पुन्हा माप घेऊ, तेव्हा खरं काय ते लिहू. आणि छोटीला तरी कशाला सांगायचं? घाबरली की आहे तोही आवाज बसेल.

तिनं वहीत चार बोटं लिहिली, आणि कापडही चार बोटांच्या हिशेबानं बेतलं.

दुसऱ्या आठवड्यात वाद्यवृंदाबरोबरची तालीम होती. जुन्या पोशाखाची सवय व्हावी म्हणून बायका पहिल्यापासून तालमीचं कॉर्सेट घालून गातात. पाठीमागे दोऱ्या ओढून बांधायचं, बरगड्यांवर बसणारं. छोटीचं कॉर्सेट ताईनं स्वतः बांधलं, आणि बांधून झाल्यावर ते तिच्या अंगावर सैल होतं. भरल्या दमालासुद्धा दोन बोटं आरामात आत जात होती.

ताई नेहमीसारखी पडद्याच्या कडेला उभी राहिली, मनगटावर टाचण्यांची गादी बांधून. वाद्यवृंदाचे प्रमुख हातातल्या छडीवरून 'छडीवाले' म्हणून ओळखले जात. माणूस वाईट नव्हता, पण कान असा की मुंगी बेसूर चालली तरी थांबवतील. ती वीस सेकंदांची ओळ आली. छोटी अकरा सेकंदांवर थांबली.

"पुन्हा," छडीवाले म्हणाले.

दुसऱ्या वेळी दहावर. तिसऱ्या वेळी नवावर, आणि नंतर खोकला. छडी खाली आली. चाळीस वादक, मागे कोरसमधले तीसेक लोक, समोर अंधारात दिग्दर्शक आणि कार्यालयातले दोघं. सगळे गप्प. कुणी कुणाकडे बघेना. अशा गप्प बसण्यातून भूमिका जातात, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

छोटीनं मान वळवून कडेला पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"ताई," ती म्हणाली, "कॉर्सेट घट्ट झालंय का ग?"

ताईला वाटलं, पाण्यात पडलेल्या पोरानं हात वर केलाय. आता विचार कसला करायचा? ती सरळ पुढे आली, सगळ्यांच्या देखत, आणि मोठ्यानं म्हणाली, "हो. घट्टच आहे. माझं माप चुकलं."

"तुमचं माप चुकलं?" छडीवाल्यांनी चष्मा काढला. "आज सूर्य कुठून उगवलाय?"

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि ते जड झालेलं सगळं मोकळं झालं. छोटीनंही हसून डोळे पुसले. तिच्या गालांवर रंग आला. ताईच्या चौतीस वर्षांच्या नावाला पहिला डाग लागला होता, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट बरं वाटलं. वाचवली पोरीला, असंच वाटलं.

शिवणखान्यात तिच्या हाताखाली एक जाडजूड, फटकळ बाई होती. बटणं, हुक, फिती सगळं तिच्याकडे, म्हणून तिला बटणवाली म्हणत. तिनं कॉर्सेट हातात घेतलं, उलटसुलट केलं.

"ताई, मी बांधलेलं पाहिलं होतं. माझा अख्खा पंजा आत गेला असता. घट्ट कुठंय हे?"

"दोन बोटं वाढव."

"अहो, पण..."

"उसव म्हटलं ना? उसव."

बटणवालीनं कात्री उचलली. "उसवते. वीस वर्षं बटणं शिवतेय, पण डोळे नाही शिवलेले माझे, एवढंच सांगते."

मग ते तसंच चालू राहिलं. ओळ तुटली की कॉर्सेट सैल करायचं. पुढच्या आठवड्यात एक बोट, त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी एक. शेवटी ते अंगावर लोंबायला लागलं, तेव्हा समोरून ढगळ दिसू नये म्हणून ताईनं आतून कापसाच्या पट्ट्या लावल्या. जिन्यात तिला ऐकू येईल अशा बेतानं लोक बोलायचे. ताईची नजर गेली. हात गेला. निवृत्तीला एक वर्ष राहिलंय तर आत्ताच का सोडत नाही? दिग्दर्शकानं तर तोंडावर विचारलं, बाहेरच्या कुणाकडून एकदा माप घेऊन बघायचं का? ताई "बघा" म्हणाली. झोंबलं तिला, का नाही झोंबणार? पण तिनं गिळलं.

दोन आठवड्यांनी पुन्हा माप घ्यायचं तिनं ठरवलं होतं, ते काही घेतलं नाही. टेप हातात घ्यायची आणि दुसऱ्याच कामाला लागायची. एका रविवारी मात्र मनाचा हिय्या करून ती छोटीच्या घरी गेली. आज बोलायचंच, डॉक्टरचा विषय काढायचाच. छोटी स्वयंपाकघरात होती. कमरेला टेबलावरची चादर बांधून, ती मागे फरफटवत, ओट्यापासून खिडकीपर्यंत राणीची चाल बसवत होती.

"बघ ताई, वळताना असं वळायचं. पायानं झटकायचं नाही, कमरेनं न्यायचं."

"दमतेस फार," ताई म्हणाली. "धाप लागतेय बघ तुला."

"छे ग! तू ते सैल केल्यापासून कितीतरी बरं वाटतंय."

तिच्या त्या चेहऱ्यापुढे ताईची जीभ उचलली नाही. ती चहा पिऊन परत आली.

पहिल्या प्रयोगाला प्रेक्षागृह भरलं होतं. पहिल्या अंकात छोटी सुरेख गायली. दुसऱ्यात तिनं जपून जपून गायलं, ते कळलं फक्त ताईला आणि छडीवाल्यांना. तिसऱ्या अंकात राजा गुडघ्यावर बसला, आणि वाद्यं जवळजवळ थांबली. छोटीनं ओळ सुरू केली. कडेला उभी राहून ताई तिच्याबरोबर दम रोखून होती. आठ. नऊ. दहा. आणि छोटी सिंहासनाच्या पायरीवर बसली. बसून तिनं श्वास घेतला, उरलेली ओळ राजाच्या कानाशी लागून, जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजात पुरी केली. छडीवाल्यांनी सगळा वाद्यवृंद दाबून तिच्याखाली नेऊन ठेवला, त्या माणसाचे उपकार. लोकांना वाटलं, असंच बसवलंय. काही जण रडत होते. टाळ्या थांबेनात.

पडदा पडल्यावर ती पायरीवरून उठली नाही. ताईनं जाऊन पाठीच्या दोऱ्या सोडल्या. छोटी खोकली, आणि बाहीच्या पांढऱ्या लेसवर रक्त आलं.

फुफ्फुसात पाणी होतं, आणि पाण्याच्या मागे गाठ. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समजूतदार होत्या. चार दिवसांनी सगळ्या तपासण्यांचे अहवाल हातात आले तेव्हा त्यांनी ताईला खोलीबाहेर नेऊन बाकावर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसल्या. गाठ आता इतर ठिकाणीही पोचली होती.

"दोन महिन्यांपूर्वी बहुधा एकाच जागी असेल. तेव्हा काढता आली असती," त्या म्हणाल्या. "आधी कधीच काही जाणवलं नाही का? त्यांना, किंवा घरात कुणाला?"

ताई त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या बटणाकडे बघत राहिली. एक बटण दोऱ्यावर लोंबत होतं. डॉक्टरीणबाईंना तो धक्का वाटला. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिथं असेपर्यंत ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी शिवणखान्यात राखीव गायिका मापाला आली. प्रयोग तर व्हायचेच होते. पोरगी बिचारी ओशाळून उभी होती. ताईनं टेप लावली, "भर" म्हणाली, आणि तिच्या हाताखाली बरगड्या उघडल्या. साडेचार बोटं. ताईनं आकडा लिहिला. मग पानं मागे उलटली, छोटीच्या नावापुढचा चार खोडला आणि दीड लिहिलं. बटणवालीनं ते पाहिलं. तिनं ताईला खांद्याला धरून स्टुलावर बसवलं, आणि त्या पोरीसाठी कॉर्सेटमधल्या कापसाच्या पट्ट्यांचे टाके स्वतः उसवायला घेतले.

दुपारी ताई दवाखान्यात गेली. छोटी उशांना टेकून बसली होती, नाकाला नळी. खिडकीतून ऊन आलं होतं. तीन-चार शब्द बोलायची, मग थांबायची.

"बसला का ग... तिला पोशाख?"

"बसेल. थोडं काम आहे."

"चांगली गाते ती."

"तू बोलू नकोस. दमशील."

"आता काय दमायचं राहिलंय?" छोटी हसली. मग थोडा वेळ ती ताईच्या हाताकडे बघत राहिली, टाचण्या टोचून टोचून खरखरीत झालेल्या त्या बोटांकडे. "तुला एक सांगितलं नव्हतं. मी घाबरले होते. तालमींच्या आधीपासूनच. डावीकडे दुखायचं. कुणाला सांगितलं नाही, तुलासुद्धा नाही. पण डॉक्टरची वेळ घेतली होती मी."

"कधी?"

"ती तालीम झाली ना... तीनदा थांबवलं ती... तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची." तिनं नळीतून श्वास घेतला. "तिथं उभं असताना मला वाटलं, झालं, हे दुखणंच आहे. म्हणून तुला विचारलं. आणि तू म्हणालीस घट्ट आहे. तुझं माप चुकलं म्हणालीस. इतकं हायसं वाटलं ग मला. तू कधी उगाच चुकलं म्हणशील का? सकाळी फोन करून सांगितलं, नको, काही नाही, कॉर्सेट घट्ट होतं."

ताईनं तिचा हात हातात घेतला.

"आता खरं सांग," छोटी म्हणाली. "घट्ट होतं ना?"

खोटं बोलायला एक शब्द पुरला असता. हो म्हटलं असतं तर छोटीनं मानलंही असतं, तिनं आयुष्यभर ताईचं सगळं मानलं होतं. ताईनं तोंड उघडलं.

"नव्हतं, छोटे. सैल होतं. दोन बोटं सैल होतं. मला मापाच्या दिवशीच कळलं होतं."

बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं. छोटीनं नाकाची नळी सारखी केली.

"मग तेव्हाच का नाही म्हणालीस?"

ताईनं कारण शोधलं. सव्वीस वर्षं, राणी, वही, डॉक्टरची सही, आईच्या माघारी केलेलं सगळं. त्यातलं एकही उचलून पुढे ठेवण्याजोगं निघेना.

"सगळे बघत होते ग," ती म्हणाली.

छोटीनं मान हलवली. "हो. सगळे बघत होते."

तिचा हात ताईच्या हातात होता. तो तिनं काढून घेतला नाही. काढून घ्यावा, झिडकारावा, दोन शब्द वाईट बोलावं म्हणून ताई वाट बघत बसली, तर छोटीला तसाच डोळा लागला.